इमारतीलाही सातबारा हवा

जमिनीला सातबारा असतो. माणसाला जन्माचा दाखला असतो, मोटारसायकलला आर. सी. बुक असते, गाईम्हशींच्या कानातसुद्धा हल्ली क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. पण ज्या चार भिंतींत आपले आयुष्य जाते, ज्यांच्यासाठी माणसे वीस-वीस वर्षे कर्जाचे हप्ते भरतात, त्या इमारतीची नोंद कुठे असते? फार तर एखाद्या कपाटात घडीवर फाटलेला निळा नकाशा. इमारत त्या नकाशाबरहुकूम उभी राहिली होती की नाही हे देव जाणे आणि ठेकेदार जाणे. उभी राहिली असली तरी पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिचे काय झाले ते त्या नकाशाला ठाऊक नाही. गॅलऱ्या बंद होऊन त्यांच्या खोल्या झाल्या. गच्चीवर पत्र्याची शेड आली. छज्जे तोडून त्या जागी एसीची खोकी बसली. शेताचा नुसता बांध सरकला तरी तलाठ्याच्या दप्तरापासून कोर्टापर्यंत धावपळ होते. इथे भिंतच्या भिंत सरकते आणि फेरफार कुठेही पडत नाही.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे की, पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या, साध्या इमारतींची संगणकावर खरीखुरी प्रतिरूपे तयार झाली पाहिजेत, आणि ती पाडकामाच्या सोयीसाठी नव्हे, तर त्याच इमारती कमी विजेत, कमी पाण्यात आणि कमी उकाड्यात नांदत्या ठेवण्यासाठी वापरली गेली पाहिजेत. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सिमेंट-विटांच्या विषयात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पुढे येईलच.

बांधकामाच्या जगात या प्रतिरूपाला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल म्हणतात, आणि आद्याक्षरे जोडून ‘बिम’. (हे बिम म्हणजे स्लॅबखालची तुळई नव्हे. साइटवर हा घोटाळा रोज होत असणार!) साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्या रेघांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नसते. प्रतिरूपातल्या भिंतीला मात्र स्वतःची माहिती असते. आपली जाडी नऊ इंच, आत वीट, दोन्ही अंगांना गिलावा, तोंड पश्चिमेला, पोटात चार फुटी खिडकी, हे सारे तिच्यापाशी लिहिलेले असते. खिडकी मोठी केली की विटांचा हिशोब, खोलीत येणारे ऊन आणि खर्चाचा आकडा सगळेच आपोआप बदलते. म्हणजे हे चित्र नव्हे, चित्राच्या रूपातली खातेवही आहे.

ही कल्पना आजची नाही. १९७५ साली चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन प्राध्यापकाने तिथल्या वास्तुविशारदांच्या मासिकात लेख लिहून, इमारतीच्या आराखड्यासाठी रेखाचित्रांऐवजी संगणक वापरावा असा विचार मांडला होता. त्या वेळी आपली पिंपरी-चिंचवड नगरपालिका अवघी पाच वर्षांची होती आणि महापालिका व्हायला अजून सात वर्षे होती. आज महाराष्ट्रात ही पद्धत परकी राहिलेली नाही. नागपूरची मेट्रो बांधताना महामेट्रोने पंचमितीय प्रतिरूप वापरले. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मितींना वेळ आणि खर्च या आणखी दोन जोडल्या. आपल्या दारातून जाणारी मेट्रोही त्याच महामेट्रोची. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि आता ती स्वारगेटपर्यंत जाते. संत तुकारामनगरच्या फलाटावर उभे राहून खाली पाहिले की मला नेहमी वाटते, नवे काही उभारायचे असले की आपण मिनिटामिनिटाचा आणि रुपयारुपयाचा हिशोब मांडू शकतो. खाली पसरलेल्या हजारो जुन्या गच्च्यांचा मात्र आपल्यापाशी एका ओळीचाही हिशोब नाही.

आपल्या शहराचे वय तसे फार नाही. पुण्यातल्यासारखे वाडे आपल्याकडे थोडे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पायाभरणी झाली, पुढच्या वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले, आणि पिंपरी हे नाव देशाला कळले. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, बजाज आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. लोकसंख्या २००१ साली दहा लाख होती, ती २०११ साली सतरा लाखांवर गेली. म्हणजे आपल्याकडची ‘जुनी’ इमारत म्हणजे काही ऐतिहासिक वास्तू नव्हे. ती सत्तर-ऐंशीच्या दशकातली चार मजली, लिफ्ट नसलेली, बाहेरून शेवाळलेली इमारत असते. तिच्यावर कोणी पुस्तक लिहिणार नाही, तिच्यासमोर कोणी फोटो काढणार नाही. अशीच इमारत आपल्यापैकी पुष्कळांचे घर आहे, हा भाग वेगळा.

अशा इमारतीपुढे आज एकच प्रश्न टाकला जातो. पाडायची कधी? पुनर्विकास हा शब्द आता सत्यनारायणाच्या प्रसादाइतका घरोघर पोहोचला आहे. मी सरसकट पुनर्विकासाच्या विरुद्ध नाही. ज्या इमारतीचे गज गंजून फुगले आहेत, खांबाला भेगा गेल्या आहेत, ती पाडलीच पाहिजे. तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण केवळ ‘जुनी झाली’ म्हणून पाडायची, हा काय न्याय झाला?

सिमेंट कसे होते ते पाहा. चुनखडी भट्टीत सुमारे साडेचौदाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यासाठी कोळसा जळतो तो धूर वेगळा, आणि चुनखडीतूनच जो कार्बन डायॉक्साइड सुटतो तो वेगळा. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी हा दुसरा वायू सुटणारच. आपल्या चार मजली इमारतीने ही किंमत चाळीस वर्षांपूर्वी एकदा मोजून टाकली आहे. ती पाडली की ती मोजलेली किंमत मातीत जाते आणि नव्या इमारतीसाठी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. राडारोडा उरतो तो निराळाच. मोशीला महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण फुटलेल्या विटेचा चुरा करून तिचा पुन्हा ब्लॉक बनवण्यापेक्षा ती वीट भिंतीत राहिली तर काय बिघडले?

आणखी एक गोष्ट पुनर्विकासाच्या बैठकांत सहसा बोलली जात नाही. या जुन्या इमारतींत भाडेकरू राहतात. आम्ही राहतो. आमच्या इमारतीतही दोन वर्षांपासून पाडण्याची बोलणी चालली आहेत. मालकांना नव्या इमारतीत मोठा फ्लॅट मिळेल आणि तो त्यांना मिळावाच. आम्हाला नोटिशीचा कागद मिळेल. नव्या टॉवरमधले भाडे आमच्यासारख्या कामगार कुटुंबाला झेपणारे नाही. मग पुढचा मुक्काम चाकणच्या दिशेला, आणि कामावर जायला दोन बस. ‘शाश्वत’ हा शब्द आजकाल व्याख्यानांतून फार ऐकू येतो. परवडणारे जुने घर राहण्याजोगे ठेवणे ही त्या शब्दाची पहिली पायरी आहे, असे मला वाटते. आमच्या बैठकीत एका बाजूचे म्हणतात इमारत आणखी पंचवीस वर्षे टिकेल, दुसऱ्या बाजूचे म्हणतात पाच वर्षेही टिकणार नाही. दोघांपाशीही कागद नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची इमारत खरी!

आमचे वडील भोसरीला एका छोट्या वर्कशॉपात टर्नर आहेत. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत झाले. पण ड्रॉईंग हातात आल्याशिवाय जॉब चकमध्ये धरायचा नाही, ही त्यांची शिस्त आहे. अंदाजाने कापले की माल रिजेक्ट होतो आणि लोखंड फुकट जाते. दहा रुपयांच्या बुशिंगसाठी जी शिस्त आपण पाळतो ती वीस बिऱ्हाडांच्या इमारतीसाठी पाळत नाही.

आता प्रतिरूप करायचे म्हणजे नेमके काय करायचे? मोठ्या वास्तूंसाठी लेसर यंत्र वापरतात. ते खोलीच्या मधोमध ठेवले की चारी दिशांना किरण सोडून लक्षावधी बिंदूंची अंतरे मोजते, आणि त्या बिंदूंच्या दाट ढगातून भिंती, खांब, खिडक्या आकार घेतात. आपल्या इमारतींना एवढा सरंजाम लागेलच असे नाही. टेप, मोबाईलचा कॅमेरा, जुना नकाशा मिळाला तर तो, आणि चिकाटी एवढ्यावर बरेच काम होते. खरा प्रश्न आकाराच्या पुढचा आहे. इथे मला सातबाऱ्याची उपमा पुन्हा उपयोगी पडते. सातबारा म्हणजे गावचे दोन नमुने. नमुना सातमध्ये जमीन कोणाची आणि किती ते असते. नमुना बारामध्ये तिच्यात कोणते पीक घेतले ते, दर साली, असते. इमारतीच्या मोजमापाचा भाग हा तिचा नमुना सात. आणि तिच्यात दरमहा किती युनिटे जळतात, किती पाणी चढते, कोणत्या महिन्यात कोणती खोली तापते, हा तिचा नमुना बारा. नुसता सात करून थांबले तर सुंदर चित्र मिळेल आणि भिंतीवर लावता येईल. बारा जोडला तरच ते कामाचे.

बाराची माहिती मिळवणे अवघड नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. आपण फक्त तळाची रक्कम पाहून कपाळाला हात लावतो. ती बिले एकत्र केली आणि प्रतिरूपात भरली की इमारतीला प्रश्न विचारता येतात. गच्चीला पांढरा चुना दिला तर काय होईल? पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे परत बसवले तर? पंप बदलला तर? प्रत्यक्षात एकही घमेले न उचलता ही उत्तरे अंदाजाने मिळतात, आणि कोणते काम आधी करायचे ते ठरते. माझ्या मते या तंत्राची खरी किंमत या ‘आधी काय’ मध्ये आहे. ज्याच्यापाशी पैसा मोजका आहे त्यालाच अग्रक्रमाची गरज सर्वांत जास्त असते.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, चार मजली इमारत, वीस बिऱ्हाडे, नव्वद माणसे. दर माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण धरले तर सुमारे बारा हजार लिटर पाणी रोज वर चढवायचे. साठ फूट उंची धरली तर शुद्ध पदार्थविज्ञानाने त्याला पाऊण युनिटही वीज लागू नये. आपला पंप जुना, निम्म्याहून अधिक वीज वाया घालवणारा, म्हणून दोन युनिटे धरू. आता पंखे. घरटी तीन म्हणजे साठ पंखे. जुना पंखा ७५ वॉटचा, रोज बारा तास. झाली चोपन्न युनिटे! तेच नव्या पद्धतीच्या मोटारीचे, ३० वॉटच्या आसपासचे पंखे असते तर बावीस युनिटांच्या आत काम झाले असते. रोजची बत्तीस युनिटे एका बाजूला आणि पंपाचे एखादे युनिट दुसऱ्या बाजूला. पण सोसायटीची बैठक पाहावी तर दीड तास पंपावर आणि जिन्यातल्या दिव्यांवर वाद चालतो, कारण त्यांचे बिल सामाईक असते. पंखे ज्याच्या त्याच्या घरात, म्हणून ते कोणाच्याच नजरेत येत नाहीत. सामाईक दुःख सर्वांना दिसते आणि सर्वांचे दुःख कोणालाच दिसत नाही, असा हा प्रकार आहे.

तीच गोष्ट छपराची. पिंपरी उत्तर अक्षांश १८.६ अंशांच्या जवळ आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच जिरते. जुलैमध्ये ढग असतात, मेमध्ये नसतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सूर्याचा मुख्य मारा भिंतींवर नव्हे, गच्चीवर असतो. दुपारी तापलेला पाच इंची स्लॅब संध्याकाळपासून ती उष्णता खालच्या खोलीत सोडू लागतो. वरच्या मजल्यावरची माणसे रात्री अंथरूण घेऊन गच्चीवर का जातात त्याचे हे कारण. त्यांच्या घरात हवा कमी नसते. डोक्यावर निखाऱ्याची पाटी असते. अशा ठिकाणी पश्चिमेच्या खिडकीला महागडी काच बसवण्याआधी गच्चीला चुन्याचा हात द्यावा, हे प्रतिरूप पहिल्याच दिवशी सांगेल. अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेविरुद्ध २०१३ पासून जो कृती आराखडा राबवला गेला, त्यात पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम आले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

मोठ्या इमारतींची उदाहरणे पाहिली तर हा मार्ग हवेतला नाही हे पटेल. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. २००९ मध्ये तिची ऊर्जाबचतीसाठी दुरुस्ती हाती घेतली तेव्हा साठाहून अधिक उपाय पुढे आले होते. संगणकीय प्रतिरूपावर ते तपासून शेवटी आठ निवडले आणि विजेचा व इंधनाचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. तिच्या ६,५१४ खिडक्या त्यांनी फेकून दिल्या नाहीत. त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर कारखाना थाटला, जुन्या काचा काढून साफ केल्या, मध्ये पातळ पडदा घातला आणि पुन्हा बसवल्या. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत त्याच जातीचे हे काम. मुंबईत फोर्टमध्ये गोदरेज भवन १९७२ सालचे, म्हणजे आपल्या प्राधिकरणाच्या वयाचे. २०१० मध्ये तिथे वातानुकूलन, दिवे वगैरे बदलून तिची सुधारणा केली, आणि तो खर्च विजेच्या बचतीतून पाच वर्षांच्या आत भरून येण्याजोगा असल्याचे हिशोब प्रसिद्ध झाले आहेत.

परंतु हे झाले धनवंतांचे. आपल्या पट्ट्यातला मोठा प्रश्न मला कारखान्यांच्या शेडचा वाटतो. भोसरी-चिंचवडच्या जुन्या शेडची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती तशी का बांधली? दात्याची उभी बाजू उत्तरेकडे ठेवून तिला काचा लावल्या की दिवसभर प्रकाश आत येतो आणि कडक ऊन जवळजवळ येत नाही. वीज महाग आणि दुर्मिळ असलेल्या काळातल्या माणसांची ही अक्कल. आज त्यांतल्या कित्येक काचा धुराने काळ्या पडल्या आहेत, कुठे त्यांच्यावर पत्रा ठोकला आहे, आणि खाली भर दुपारी नळ्या जळतात. इथे सर्वांत स्वस्त हरित तंत्रज्ञान म्हणजे शिडी, बादली आणि फडके! प्रतिरूप एवढेच सांगेल की कोणत्या ओळीच्या काचा आधी पुसायच्या. जिथे छपराला जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत तिथे तर नोंद असणे जिवाचेच आहे. ते पत्रे फुटले, कापले, भोके पाडली की त्याचे सूक्ष्म तंतू श्वासात जातात. ड्रिल घेऊन वर चढणाऱ्या मुलाला हा पत्रा कशाचा आहे ते आधी कळायला नको का?

आता आक्षेप. पहिला, खर्चाचा. तो खरा आहे, पण आपण मोजमापावर आजही खर्च करतोच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचे असते. जिथे ते होते तिथे अभियंता येतो, हातोडीने खांब ठोकून पाहतो, फोटो काढतो, आणि त्याचा अहवाल फायलीत जाऊन झोपतो. पुढच्या वेळी दुसरा अभियंता येतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. तोच अहवाल प्रतिरूपात त्या त्या खांबापाशी नोंदवला तर भेग वाढली की तेवढीच राहिली हे कळेल, आणि आमच्या बैठकीतल्यासारखे आवाजाचे सामने होणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संगणकात चुकीची माहिती भरली तर तो चुकीचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देतो, आणि रंगीत देतो. रंगीत चित्रापुढे माणसे माना डोलावतात. प्रतिरूपाने सांगितलेली बचत आणि प्रत्यक्ष बिलातली बचत यांत अंतर पडते, हे या क्षेत्रातल्या जाणत्यांनीच वारंवार दाखवून दिले आहे. कारण प्रतिरूप धरून चालते की खिडकी संध्याकाळी उघडली जाते. प्रत्यक्षात ती डासांसाठी पाचलाच बंद होते. प्रतिरूप धरून चालते की घरात चार माणसे आहेत. प्रत्यक्षात गावाकडून शिकायला आलेले दोन भाचे असतात. प्रतिरूप धरून चालते की टाकी रोज भरते. आपल्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले तेव्हा घरोघर पिंपे आली, आणि कोणत्या नकाशात ती पिंपे दाखवली आहेत?

इथेच कलाशाखेचे काम सुरू होते. भिंतीची जाडी अभियंता मोजेल. पण त्या भिंतीच्या आत माणसे कशी राहतात हे विचारायला समाजशास्त्राचा विद्यार्थी हवा, पाण्याचा आणि उन्हाचा मार्ग समजायला भूगोलाचा हवा, घरखर्चात वीजबिल कुठे बसते ते पाहायला अर्थशास्त्राचा हवा. आणि जो अहवाल निघेल तो मराठीत, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना कळेल अशा भाषेत लिहायला भाषेचा विद्यार्थी हवाच. ज्या इंग्रजी अहवालावर घरमालक न वाचता सही करतो आणि भाडेकरूला जो दाखवलाच जात नाही, तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी त्याचा उपयोग कोणाला होतो ते उघड आहे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे उदाहरण मी मुद्दाम देतो. १५ एप्रिल २०१९ रोजी त्याचे छप्पर जळाले. त्याआधी काही वर्षे अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकाने ती सबंध वास्तू लेसरने मोजून ठेवली होती, आणि ते मोजमाप पुढे जीर्णोद्धारात उपयोगी पडले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये चर्च पुन्हा उघडले. हे टॅलन अभियंता नव्हते. ते कलेचा इतिहास शिकवीत. आग लागली तेव्हा ते हयात नव्हते. पाच महिने आधीच वारले होते. जुन्या दगडांविषयीच्या कुतूहलापोटी त्यांनी जे मोजले ते उद्या कशाला लागेल हे त्यांना ठाऊक नव्हते.

हे सारे महापालिकेने करावे की रहिवाशांनी? दोघांनी. ग्रिहा मानांकन घेणाऱ्या इमारतींना करात सवलत देण्याचे धोरण आपल्या महापालिकेने पूर्वीच स्वीकारलेले आहे, आणि २०२५ मध्ये तिने हरित कर्जरोख्यांतून दोनशे कोटी रुपये उभे केले. हे करणारी महापालिका मागे पडलेली नव्हे. पण मानांकनाची पाटी बहुधा नव्या, चकचकीत संकुलाच्या प्रवेशद्वारावर लागते. माझी सूचना अशी की, जी जुनी इमारत आपले प्रतिरूप दाखल करील, दरवर्षी त्यात बदलांची नोंद करील आणि बारा महिन्यांच्या बिलांतून बचत दाखवील, तिला मिळकतकरात सवलत द्यावी. सवलत पाटीला नको, उतरलेल्या युनिटांना हवी. आणि ही नोंद इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला, भाडेकरूलासुद्धा, पाहता आली पाहिजे. घराच्या आतल्या खोल्यांचा तपशील मात्र चव्हाट्यावर येऊ नये. कोणाच्या कपाटामागे काय आहे हे शहराला कळण्याचे कारण नाही.

सातबारा संगणकावर यायला किती वर्षे गेली हे आपण पाहिले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागला. माझे आजोबा मराठी चौथी शिकलेले. बांधावर उभे राहून सोयाबीनचा फोटो काढून पीकपाहणी भरतात आणि नेटवर्क नसले की सरकारला चार शब्द सुनावतात. त्यांना जे जमते ते आपल्या इमारतीच्या सेक्रेटरीला आणि आपल्याला का जमू नये?

सुरुवात आपल्या कॉलेजच्या इमारतीपासून करता येईल. वरच्या मजल्यावरच्या वर्गात एप्रिलमध्ये तास घेताना प्राध्यापकांचे काय हाल होतात ते मी सांगायला नको. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी दिवाळीनंतर एक मजला मोजावा. प्रत्येक वर्गाच्या खिडक्या, पंखे, नळ्या यांची यादी करावी. सकाळी आठला, दुपारी एकला आणि चारला भिंतीवरचा तापमापक पाहून वहीत आकडा लिहावा, तोही सलग महिनाभर. कोणता पंखा नुसता आवाज करतो आणि कोणती खिडकी कधीच उघडत नाही हे शिपाई मामांना विचारावे. त्यांच्याइतकी ही इमारत कोणालाच ठाऊक नाही. प्रतिरूप उभे करण्याची काही सॉफ्टवेअरे विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, आणि शेजारच्या पॉलिटेक्निकमधली मुले ती चालवायला शिकलेली आहेत. त्यांना चहा पाजला तर ती येतील. कार्यालयात इमारतीचा मूळ नकाशा असेल तर त्याची एक प्रत लागेल. नसेल तर शंभर फुटी टेप लागेल, आणि ती भूगोल विभागाच्या कपाटात आहे.